नोव्हेंबरची हार मार्चला का भोवते?

थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाचा, आठवडा उलटला की अमेरिकेत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मोठ्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल चाहत्यांचा धीर सुटतो. हंगाम सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले असतात आणि संघ सहा-सात सामनेच खेळलेला असतो. तरी एकीकडे "कोचला काढा" सुरू होतं आणि दुसरीकडे "अजून नोव्हेंबर आहे, जरा दमानं घ्या". तिकडे शिकायला गेलेल्या मराठी मुलांमुळे हा गोंधळ आता आपल्या घरांतही पोचतो. पोरगा फोनवर हिरमुसलेला असतो आणि आईवडिलांना कळत नाही की तीन मॅच हरल्या तर एवढं आभाळ का कोसळलं. २०१५ साली मुंबई इंडियन्स पहिल्या चारही मॅच हरले आणि शेवटी आयपीएल जिंकलेच की!

आईवडिलांची शंका रास्त आहे आणि पोराचं हिरमुसणंही रास्त आहे. सुरुवातीच्या हारींवरून संघ किती चांगला आहे हे फार थोडं कळतं. पण त्याच हारींमुळे मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेचा हिशेब बराचसा ठरून जातो. चाहत्यांचे दोन तट यातली अर्धी-अर्धी गोष्ट हातात धरून भांडत असतात.

आयपीएलचा दाखला इथे का चालत नाही

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि ते तीसेक कॉन्फरन्समध्ये वाटलेले आहेत. कॉन्फरन्स म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हंगाम सुरू होतो. डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक सामने गटाबाहेरच्या संघांशी होतात आणि जानेवारीपासून गटातल्या गटात. एकूण सामने एकतीसच्या आसपास, त्यातले बाहेरचे जेमतेम ११ ते १३.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी १२ जणांची निवड समिती त्या मोठ्या स्पर्धेत, जिथे हरला तो बाहेर, कोण खेळणार याची यादी जाहीर करते. २०२५ मध्ये ही यादी ६८ संघांची होती आणि त्यातल्या ३१ जागा कॉन्फरन्स विजेत्यांना आपोआप मिळाल्या. उरलेल्या ३७ जागा समितीने संघांची कामगिरी बघून दिल्या. या जागांना 'ॲट-लार्ज' म्हणतात आणि बहुतेक मोठ्या संघांचा जीव त्यांच्यातच अडकलेला असतो.

आयपीएलमध्ये दहा संघ आहेत, एक गुणतक्ता आहे आणि पहिले चार पुढे जातात. त्यामुळे एप्रिलमध्ये हरलेले दोन गुण मेमध्ये दोन गुण मिळवून भरून काढता येतात. कॉलेज बास्केटबॉलमध्ये असा सामाईक तक्ताच नाही. साडेतीनशे संघांतले बहुतेक एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. म्हणून कुणी किती सामने जिंकले याच्या जोडीला कुणाला हरवलं आणि कुठे हरवलं, हेही समितीला बघावं लागतं.

एकच संघ, दोन हंगाम

या गोष्टीचं सर्वांत बोलकं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाचं आहे. चॅपल हिल हे त्यांचं गाव. शेजारच्या रॅले-डरहॅम-केरी पट्ट्यात भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, त्यामुळे या संघाचा फिका निळा रंग अनेक मराठी घरांतही दिसतो.

२०२१-२२ मध्ये ह्युबर्ट डेव्हिस नवे मुख्य प्रशिक्षक होते. नोव्हेंबरमध्ये संघ परड्यू आणि टेनेसी यांच्याकडून लागोपाठ हरला आणि डिसेंबरमध्ये केंटकीकडून ९८-६९ असा, तब्बल २९ गुणांनी. चाहते हताश झाले होते. मार्चमध्ये हाच संघ आठव्या मानांकनावर (स्पर्धेच्या चार विभागांपैकी आपल्या विभागात आठवा) स्पर्धेत शिरला, उपांत्य फेरीत कट्टर शत्रू ड्यूकला ८१-७७ हरवून अंतिम सामन्यात पोचला आणि मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असताना कॅन्ससकडून ७२-६९ असा हरला.

पुढच्या वर्षी सुरुवातीच्या पाचातले चार खेळाडू परत आले. पत्रकारांच्या मतांवर निघणाऱ्या एपी वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत संघाला पहिला क्रमांक मिळाला. पहिले पाच सामने ते जिंकलेही. मग २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर २०२२ या दहा दिवसांत चार हारी झाल्या: आयोवा स्टेटकडून ७०-६५, अलाबामाकडून चार जादा डाव (बरोबरी सुटेपर्यंतचा वाढीव वेळ) खेळून १०३-१०१, इंडियानाकडून ७७-६५ आणि व्हर्जिनिया टेककडून ८०-७२. संघ पहिल्या पंचविसातूनही बाहेर गेला. "मागच्या वर्षीही असंच झालं होतं, मार्चमध्ये बघा" असं म्हणणारे चाहते शेवटपर्यंत आशेवर राहिले, आणि त्यांच्याकडे ताजा पुरावाही होता. पण हंगाम २०-१३ वर संपला आणि ६८ च्या यादीत नाव आलं नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून हंगामाआधी पहिला असलेला संघ स्पर्धेबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

पाच सामन्यांवरून संघ किती कळतो?

फार कमी, आणि ते साध्या गणिताने दाखवता येतं. समजा एखादा संघ खरोखर इतका चांगला आहे की दर सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ७० टक्के. असा संघ पाच सामन्यांत तीन किंवा जास्त हरण्याची शक्यता किती? १६ टक्के, म्हणजे सहातून एकदा. असे तीस चांगले संघ धरले तर दरवर्षी त्यातल्या पाचेक संघांची सुरुवात नुसत्या योगायोगानेच वाईट होणार. खेळाडू आळशी नसतील आणि कोच मूर्ख नसेल, तरीसुद्धा.

योगायोगाचा सर्वांत मोठा वाटा तीन गुणांच्या नेमांचा. २०१९-२० पासून तीन गुणांची रेषा बास्केटपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे आणि तिच्याबाहेरून मारलेले साधारण ३४ टक्के नेम आत जातात. एका सामन्यात असे २० नेम मारले तर सरासरी सात पडायला हवेत. पण एखाद्या रात्री चार पडणं किंवा नऊ पडणं अगदी सहज घडतं. चार आणि नऊ यांत १५ गुणांचा फरक आहे, आणि बरेचसे सामने तर पाच-सहा गुणांवरच फिरतात.

प्रतिस्पर्ध्याचे तीन गुणांचे नेम किती पडतात, यावर बचाव करणाऱ्या संघाचा ताबा आणखीनच कमी असतो. समोरच्याने असे नेम किती वेळा मारायचे, हे चांगला बचाव ठरवू शकतो. मारल्यावर तो पडेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाताबाहेर असतं. म्हणून समोरच्याने २२ पैकी १२ नेम टाकले आणि आपण हरलो, तर त्या रात्रीवरून बचावाची लायकी ठरवू नये.

पावसाचंही असंच आहे. जून कोरडा गेला म्हणून वर्ष दुष्काळी ठरत नाही. जुलै-ऑगस्ट सरासरी भरून काढू शकतात. पण कोरड्या जूनमुळे पेरणी करपली तर दुबार पेरणीचं बियाणं शेतकऱ्यालाच विकत घ्यावं लागतं, मग पुढे कितीही पडो. बास्केटबॉलमधली ही पेरणी कोणती, ते पुढे बघू.

"संघ नवा आहे, जुळायला वेळ लागतो"

हे कारण आता पूर्वीपेक्षा खरं आहे. खेळाडूंनी कॉलेज बदलण्याची नोंद जिथे होते ते 'ट्रान्सफर पोर्टल' २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातींतून पैसे घ्यायची मुभा मिळाली. त्यामुळे १३-१५ जणांच्या संघात सात-आठ नवे चेहरे असणं आता नेहमीचं झालं आहे.

वेळ कुठे लागतो? बहुधा बचावात. समोरचा उंच खेळाडू पुढे येऊन आपल्या रक्षकाची वाट अडवतो आणि चेंडूवाला त्याच्या आडून आत घुसतो. याला 'पिक-अँड-रोल' म्हणतात आणि हा डाव सामन्यात डझनावारी वेळा येतो. तेव्हा आपल्या दोन रक्षकांनी माणसं बदलायची, की उंच रक्षकाने मागे थांबून बास्केट राखायची, आणि तो सरकला की कोपऱ्यातल्या तिसऱ्याने कुणाकडे धावायचं, हे अर्ध्या सेकंदात पाचही जणांनी एकसारखं ठरवायला हवं. एकाने बदल केला आणि दुसऱ्याने नाही, की कुणीतरी मोकळा सुटतो. गणेशोत्सवाच्या आधी ढोल-ताशा पथकात नवे वादक येतात तेव्हा प्रत्येकाचा हात चांगला असला तरी पहिल्या आठवड्यात ठोके एकत्र पडत नाहीत, तसं हे आहे.

सरावालाही नियमांची वेसण आहे. पहिल्या सामन्याच्या आधीच्या ४२ दिवसांत जास्तीत जास्त ३० सराव घेता येतात. उन्हाळ्यात आठ आठवडे, आठवड्याला आठ तास, आणि त्यातले कोर्टवरच्या शिकवणीचे चारच. म्हणून नव्या संघाचा बचाव डिसेंबरअखेरीस सुधारलेला दिसणं स्वाभाविक आहे.

पण हे कारण सरसकट पुढे करू नये. २०२२ च्या नॉर्थ कॅरोलायनात तर चार जुनेच होते. गेला होता तो ब्रॅडी मॅनेक, बाहेरून सुमारे ४० टक्के नेम टाकणारा उंच खेळाडू. तो असताना बचावकर्त्यांना बास्केटपासून लांब यावं लागायचं आणि आत, बास्केटजवळ खेळणाऱ्या आर्मांडो बेकॉटला जागा मिळायची. तो गेल्यावर आत गर्दी झाली. त्या हंगामात संघाचे तीन गुणांचे नेम सुमारे ३१ टक्केच पडले. हा तुटवडा वेळ देऊन भरणारा नव्हता. ज्याचा नेम चांगला असा माणूसच संघात कमी होता, आणि हंगाम सुरू झाल्यावर माणूस सहसा आणता येत नाही.

मग बिघडतं नेमकं काय?

समिती संघांची चाळणी करते ती 'नेट' नावाच्या संगणकी क्रमवारीच्या आधाराने. ती २०१८-१९ पासून वापरात आहे. ती जिंकण्या-हरण्यासोबत दर १०० ताब्यांमागे संघ किती गुण करतो आणि किती देतो हेही मोजते, प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि मैदान लक्षात घेऊन. ताबा म्हणजे चेंडू हातात आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंतची एक खेळी. सामन्यात प्रत्येक संघाला अशा सत्तरेक मिळतात. क्रिकेटमधला धावगतीचा हिशेब डोळ्यांसमोर आणला की हे पटकन समजतं.

या क्रमवारीवरून प्रत्येक सामना चार वर्गांत पडतो. पहिला वर्ग सर्वांत कठीण: घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला प्रतिस्पर्धी, त्रयस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला, किंवा त्याच्या घरी जाऊन पहिल्या ७५ मधला. चौथा वर्ग सर्वांत सोपा: घरी १६० च्या खालचा, त्रयस्थ मैदानावर २०० च्या खालचा, परक्या मैदानावर २४० च्या खालचा. पहिल्या वर्गातली हार फारशी डागाळत नाही, पण तिथला विजय सोन्यासारखा. चौथ्या वर्गातल्या विजयाचं कौतुक नाही, पण तिथली हार मार्चपर्यंत पाठ सोडत नाही.

आता नॉर्थ कॅरोलायनाचे ते दहा दिवस पुन्हा बघा. आयोवा स्टेट, अलाबामा, इंडियाना: तिन्ही पहिल्या वर्गातले सामने. या हारींनी संघाला मोठा दंड झाला नाही. पण मोठे विजय मिळवायच्या तीन संधी गेल्या, आणि त्यातली एक चार जादा डावांनंतर दोन गुणांनी गेली. हंगामअखेर पहिल्या वर्गातली त्यांची कामगिरी होती एक विजय आणि नऊ हारी. समितीसमोर मांडायला हातात काही उरलंच नाही.

"जानेवारीनंतर कॉन्फरन्समध्ये भरून काढू"

चाहत्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. कॉन्फरन्समधले सामने हे बंद खोलीतले व्यवहार आहेत. गटातला एक जिंकला की गटातलाच दुसरा हरतो, म्हणजे पूर्ण गटाच्या विजयांची आणि हारींची बेरीज कायम सारखीच. गट म्हणून बाहेरच्या जगाच्या तुलनेत तुम्ही किती ताकदवान, हे ठरायची वेळ नोव्हेंबर-डिसेंबरचीच. एकदा गटाची पत ठरली की जानेवारीपासून तुम्ही कुणाला हरवलं याची किंमत त्या पतीनुसार लागते. हीच ती पेरणी.

२०२४-२५ मध्ये हे स्पष्ट दिसलं. डिसेंबरच्या सुरुवातीला एसईसी आणि एसीसी या दोन बड्या कॉन्फरन्समधल्या ठरलेल्या १६ सामन्यांत एसईसीने १४ जिंकले. मग जानेवारी-फेब्रुवारीत एसईसीचा प्रत्येक संघ जवळपास दर आठवड्याला पहिल्या वर्गाचा सामना खेळत होता. हरला तरी डाग नाही आणि जिंकला तर सोनं. मार्चमध्ये त्यांच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला, हा विक्रम आहे. शेजारच्या गल्लीतल्या संघाच्या नोव्हेंबरच्या हारीवर हसणाऱ्या चाहत्याने हे ध्यानात ठेवावं: तो तुमच्याच गटातला असेल तर त्याची हार थोडी तुमच्याही खात्यावर पडते.

घाबरायचं की थांबायचं, हे कशावरून ठरवावं

अंतिम स्कोअर बाजूला ठेवून सामन्याच्या तक्त्यात चार गोष्टी बघाव्यात.

पहिली, नेमांचा खरा दर्जा. तीन गुणांचा नेम दीडपट मोलाचा धरून काढायचा: पडलेले एकूण नेम, अधिक तीन गुणांच्या पडलेल्या नेमांचे निम्मे, भागिले मारलेले एकूण नेम. ६० पैकी २४ पडले आणि त्यात तीन गुणांचे ६ होते, तर २४ अधिक ३ भागिले ६०, म्हणजे ४५ टक्के. पन्नासच्या आसपास सरासरी समजावी. हा आकडा सामन्यागणिक सर्वांत जास्त हलतो, म्हणून एकट्या त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरी, टर्नओव्हर, म्हणजे नेम मारण्याआधीच चेंडू गमावणं. सत्तर ताब्यांत बारा-तेरा वेळा गमावला तर साधारण, सतरा-अठरा वेळा तर काळजीचं. तिसरी, रिबाउंड, म्हणजे आपला हुकलेला नेम आपणच परत मिळवणं. हे तीस टक्क्यांच्या आसपास असलं तर ठीक. चौथी, फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाऊलमुळे मिळणारे मोकळे नेम, किती मिळतात आणि किती दिले जातात.

टर्नओव्हर आणि रिबाउंड नशिबावर कमी आणि सवयींवर जास्त चालतात. नेम हुकल्यामुळे हार झाली असेल पण या दोन गोष्टी जागेवर असतील, तर धीर धरायला जागा आहे. त्याच बिघडलेल्या असतील तर विजयही फसवे.

२०२२-२३ च्या लुइव्हिलचे पहिले तीन सामने बघा. बेलारमिनकडून ६७-६६, राइट स्टेटकडून ७३-७२, ॲपलाचियन स्टेटकडून ६१-६०. तिन्ही हारी एका गुणाच्या, तेही घरच्या मैदानावर. "नशीब फुटकं" म्हणायला याहून चांगलं निमित्त कोणतं? पण तो संघ असिस्टपेक्षा (ज्या पासवरून लगेच नेम पडतो तो) टर्नओव्हरच जास्त करत होता. हंगामाचे पहिले नऊही सामने ते हरले आणि हंगाम ४-२८ वर संपला. तिथे घाबरणारे चाहते बरोबर होते, जरी त्यांचं कारण नुसता स्कोअर हे असलं तरी.

"कोचला आत्ताच काढा"

डिसेंबरमध्ये हे सहसा होत नाही, आणि त्याची कारणं व्यवहारी आहेत. करार मोडला तर विद्यापीठाला मोठी भरपाई द्यावी लागते. हंगामाच्या मध्यात दुसऱ्या संघाचा चांगला कोच येत नाही. आणि सहायकाच्या हाती दिलेला संघ क्वचितच सावरतो. लुइव्हिलने केनी पेन यांना दुसऱ्या हंगामाअखेर, मार्च २०२४ मध्ये काढलं. नवे कोच पॅट केल्सी यांनी पोर्टलमधून जवळजवळ अख्खा संघ नवा उभा केला आणि पहिल्याच हंगामात २७ सामने जिंकले. बदल योग्य वेळी झाला तर चित्र इतकं पालटतं. पण ती वेळ वसंताची असते, कारण खेळाडू तेव्हाच हाती लागतात.

हार चाहत्याला एवढी का लागते

कॉलेजचा संघ हा विकत घेतलेल्या फ्रँचायझीसारखा नसतो. त्याच वर्गांत आपण बसलेलो असतो आणि त्याच मेसमध्ये जेवलेलो असतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पाहिलं की अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. जिंकल्यावर ते "आपण जिंकलो" म्हणत आणि हरल्यावर "ते हरले". १९९२ मध्ये इंडियाना विद्यापीठातला बास्केटबॉल सामन्यांवरचाच अभ्यास प्रसिद्ध झाला. संघ हरलेला पाहिल्यावर कट्टर चाहते स्वतःच्या कौशल्यांबद्दलचे अंदाजही खाली आणत, ज्यांचा बास्केटबॉलशी काही संबंध नव्हता अशा कौशल्यांचेसुद्धा. म्हणून फोनवर हिरमुसलेल्या पोराला "खेळच तर आहे" म्हणून उडवून लावू नये. घरापासून हजारो मैलांवर ज्या गर्दीने त्याला आपलं म्हटलं, त्या गर्दीचं दुःख तो सांगत असतो.

सावरलेल्या संघालाही बिल येतं

नोव्हेंबर २०२४. लागोपाठ दोन वेळा विजेता ठरलेला आणि देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेला कनेक्टिकट हवाई बेटांवरच्या माउई स्पर्धेत तीन दिवसांत तीन सामने हरला: मेम्फिसकडून जादा डावात ९९-९७, कोलोरॅडोकडून ७३-७२, डेटनकडून ८५-६७. त्यातला कोलोरॅडो तर त्या हंगामात जिंकला त्यापेक्षा जास्त वेळा हरलेला संघ. डिसेंबरमध्ये कनेक्टिकट सावरला. बेलर, टेक्सस, गोन्झागा यांना त्याने हरवलं. "बघा, सांगितलं होतं ना" म्हणणारे खूश झाले.

पण त्या तीन हारी खात्यावर राहिल्या आणि हिवाळ्यात आणखी काहींची भर पडली. मार्चमध्ये मानांकन मिळालं आठवं. आठव्या मानांकनाचा अर्थ असा की पहिला सामना नवव्याशी, आणि तो जिंकला तर बहुधा दुसराच सामना विभागातल्या पहिल्या मानांकित संघाशी. कनेक्टिकटने ओक्लाहोमाला हरवलं आणि समोर फ्लोरिडा आला. सामना शेवटच्या मिनिटांपर्यंत हातात होता आणि ७७-७५ असा गेला. फ्लोरिडा पुढे ह्यूस्टनला ६५-६३ हरवून विजेता झाला.